आबांच्या सायकलचा आरसा

तोफखान्यातून निवृत्त झालेले आबा ठार बहिरे, तरी रोज सकाळी सायकलवरून औंधला यमाईच्या दर्शनाला जायचे. "पुलावर माज्या वक्ताला चिटपाखरू नसतंय," असं घरी छातीठोकपणे सांगायचे. नातीचा विश्वास बसेना. तिनं हँडलला आरसा बसवला. आज अरुंद पुलाच्या मध्यावर आबांची नजर त्यात गेली. पाठीमागं अख्खी एसटी त्यांच्याच चालीनं येत होती. तिच्यामागं उसाचा ट्रॅक्टर, दोन जीपगाड्या. कुणालाच घाई नव्हती. पूल संपताच आबांनी सायकल कडेला घेतली. एसटीही थांबली. "कवापास्नं चाललंय रं ह्ये?" ते ओरडले. कंडक्टरनं दारातून चार बोटं दाखवली. "चार दिवस?" कंडक्टर हसत उतरला, धुळकट काचेवर त्यानं बोटानं लिहिलं, "वर्षं." आबांनी टोपी सारखी करून सॅल्यूट ठोकला. शेवटची जीप जाईपर्यंत हात खाली आला नाही.