लाखमोलाचे हात

मोडलेला हात गळ्यात बांधून ती नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला पोलीस चौकीत आली. नवरा हृदयाचा नावाजलेला सर्जन. तो तिच्याआधीच येऊन साहेबांसमोर चहा पीत बसला होता. साहेबांच्या वडिलांचं ऑपरेशन त्यानेच केलेलं.

"वहिनी, मन जरा मोठं करा," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "डॉक्टरांना आत टाकलं तर पेशंटांनी जायचं कुठे? अहो, न्याय म्हणजे तरी काय? ज्यात चार लोकांचं भलं, तोच न्याय. तुमच्या एका हातापायी शंभर जीव टांगणीला लावायचे का?"

"मी माझ्यासाठी म्हणतच नाहीये," नवरा नम्रपणे म्हणाला. "मला काळजी पेशंटांची."

ती हसली. ओठ फाटलेला होता, त्यामुळे ते हसू तिला चांगलंच झोंबलं.

"साहेब, मग एवढंच सांगा. मी किती लोकांच्या उपयोगी पडले, म्हणजे मला मारणं गुन्हा ठरेल?"

साहेबांनी प्रश्न खरोखरच मनावर घेतला. कपाळाला आठ्या घालून जरा विचार केला आणि म्हणाले, "तुम्ही काय करता?"