पूर्वज्ञान: निरंक

खासदार हेमांगी तांडेल यांना एका भाषणात राज्यमंत्रिपद दिसत होतं. किनारा विधेयकासाठी संसद ग्रंथालयातून ‘समुद्र’ हा विषय डोक्यात उतरवून घ्यायचा आणि अधिवेशन संपलं की परत करायचा, एवढंच काम. विषय अजिबात न येणाऱ्याचा नंबर आधी लागे. म्हणून कोळीवाड्यात वाढलेल्या हेमांगीताईंनी अर्जात ‘पूर्वज्ञान’पुढे बिनदिक्कत ‘निरंक’ लिहिलं होतं.

भाषण गाजलं. विषय परत करून ताई ग्रंथालयातल्या खुर्चीवरून उठल्या, तर समोर आई डबा घेऊन उभी.

“सुका जवळा आणलाय, तुझ्या आवडीचा.”

ताईंनी डब्यात बराच वेळ निरखून पाहिलं. “हे किडे कसले, आई?”

“मस्करी पुरे. आज भरती कधी, सांग बघू.”

ताई गोंधळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागल्या.

ग्रंथपाल पेठकरांनी अर्ज पुढे केला. “निरंक लिहिलंत, तेवढंच ठेवलंय. बाकी सगळा समुद्र जमा.”

“त्यातला माझा किती होता?” आईने विचारलं. “मी शिकवलेला?”

“तो वेगळा निघत नाही, आजी. पुढच्या अधिवेशनात त्यांनी पुन्हा अर्ज करावा. आता निरंक खरं ठरेल.”

आईने एक जवळा उचलून लेकीच्या तळहातावर ठेवला. “हा जवळा,” ती म्हणाली.

लेकीला मंत्रिपद मिळालं. ग्रंथालयाला त्याचा समुद्र मिळाला, वर थोडा कोळीवाड्याचाही. वीस वर्षांची शिकवणी मात्र आईची गेली, आणि तिने तर कुठल्याच अर्जावर सही केली नव्हती.