भाऱ्याला हात

शेवटच्या चढावर देवाजीनं सगळ्यात हलका गेअर टाकला आणि नजर पुढच्या चाकाच्या हातभर पुढे ठेवली. उन्नतीनं, त्याच्या मुलीनं, तसंच शिकवलं होतं. वर पाहायचं नाही, खाली पाहायचं नाही, पाय थांबवायचे नाहीत. चढ मुरमाचा होता. एकदा पाय टेकला की चाक जागीच फिरतं, मग सायकल ढकलतच न्यावी लागते.

नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीतून निघालेल्या मातीचा हा लांबच लांब डोंगर. आता त्यावर झाडं आली होती. माथ्याच्या धारेवरून जेमतेम सायकलपुरती पायवाट होती. एका अंगाला खाणीत साचलेलं निळं पाणी, दुसऱ्या अंगाला झुडपांचा उतार.

मागच्या रविवारी देवाजीनं याच चढावर पाय टेकला होता. आज निघताना शुभम, उन्नतीचा होणारा नवरा, हसून म्हणाला होता की काकाजींनी खालीच सावलीत बसावं, आम्ही वरून फोटो काढून आणतो. उन्नतीही हसली होती.  हे हसणं लग्नानंतरही घरात राहील, हे देवाजीला कळलं होतं.

अर्ध्या चढावर एक बाई उभी होती. त्याच्याच वयाची. कमरेला विळा, पायाशी वाळल्या काटक्यांचा भारा. दम खायला तिनं तो खाली ठेवला असावा. एवढा भारा एकट्यानं डोक्यावर घेता येत नाही. त्याला येताना पाहून तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली.

“भइया, थोरकिन हाथ लगा दे.”

देवाजी भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. त्यांच्या गावात बोलचाल बंद असलेली माणसंही भाऱ्याला हात लावायला थांबत. भारा डोक्यावर चढवून देत आणि पुन्हा तोंड फिरवून आपल्या वाटेनं जात. नाही म्हणणारा कोणी त्यानं पाहिला नव्हता.

“पीछे लोग आ रहे हैं,” तो म्हणाला आणि पायडल मारत राहिला.

मागे कोणी नव्हतं. सगळ्यात मागे तोच होता.

तो माथ्यावर पोचला तेव्हा शुभमनं टाळ्या वाजवल्या. काकाजींनी एकदाही पाय टेकला नाही म्हणाला, आपण स्वतः तर दोनदा टेकला. उन्नतीनं बापाचा फोटो काढला. मागे निळं पाणी, लांब धुरकट आभाळात स्टील प्लांटच्या चिमण्या. फोटोत हसा म्हणून तिनं दोनदा सांगितलं.

“बाबा, ते बाई तुमाले काय म्हणत होती?”

“काही नाही. रस्ता पुसत होती.”

“इथं तं एकच रस्ता हाय,” उन्नती म्हणाली, आणि फोटो पाहू लागली.

देवाजीनं खाली पाहिलं. बाई तिथंच होती. चुंबळ डोक्यावर, हात कमरेवर. ती खालच्या वाटेकडे पाहत होती. मागून येणाऱ्या लोकांची वाट पाहत होती.

आलोच, म्हणून तो सायकल तिथंच आडवी टाकून पायी उतरू लागला. उतरताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती. काही न बोलता भाऱ्याला हात लावायचा आणि परत फिरायचं.

पण तो जवळ आला तशी तीच पुढे आली. तिचा चेहरा काळजीचा होता.

“का गिर गे, भइया?”

माणूस एवढा चढलेला चढ उतरून आला, म्हणजे त्याचं काही पडलं असणार. दुसरं काही तिच्या मनातही आलं नाही. देवाजीनं तोंड उघडलं.

“चाबी,” तो म्हणाला. “घर की.”

चाबी त्याच्या पँटच्या खिशात होती. मांडीला लागत होती.

आधी बोझा उठवू, असं तो घाईनं म्हणाला. तिनं हात हलवला.

“बोझा कहाँ भागत हे?”

आणि ती वाकून शोधू लागली. विळ्याच्या टोकानं गवत बाजूला करत, त्याच्या चाकाच्या रेषेवरून, खालपासून वरपर्यंत. एकेक दगड उलटून पाहत होती. मागचे तुझे सोबती आले की तेही शोधू लागतील, असं म्हणाली.

देवाजीनं हळूच खिशातून चाबी काढली आणि मुठीत धरली. गवतात टाकायची आणि सापडली म्हणायचं. पण जिथं टाकावी तिथं ती आधीच शोधून गेली होती. आणि जिथं तिनं शोधलं नव्हतं, तिथून त्याची सायकल गेलीच नव्हती.

तेवढ्यात वरून उन्नती आणि शुभम उतरून आले. चाबी हरवल्याचं बाईनंच त्यांना सांगितलं.

“खिशातच ठेवली होती नं तुमी?” उन्नतीनं विचारलं.

“पडली असन चढताना.”

“काकाजी, तुमी थांबा, मी पाहतो,” शुभम म्हणाला. आज त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. तो गुडघ्यावर बसून झुडपांत हात घालू लागला. काटे होते. उन्नती वाटेच्या दुसऱ्या कडेनं, पाण्याच्या बाजूनं, जपून पाय टाकत निघाली.

तिघंही वाकली होती. देवाजी मधे उभा होता.

बाईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरची चुंबळ काढली, भाऱ्याशेजारच्या दगडावर ठेवली आणि हातानं थोपटून सारखी केली.

“बइठ जा, भइया. तोर गोड़ काँपत हे.”

त्याचे पाय खरंच थरथरत होते. मूठ न उघडता देवाजी त्या चुंबळीवर बसला.