दहा पावलं

समुद्रकाठच्या बाजारात काकूंची एकच रीत. भाव ऐकून डोळे मोठे करायचे, निम्म्याला मागायचं आणि दुकानदार नाही म्हणाला की सरळ चालू लागायचं. पण हळूहळू. दहा पावलांच्या आत मागून हाक येतेच. गवताची टोपी, शंखांची माळ, नातीचा फ्रॉक, सगळं असंच पदरात पडलं. काका मात्र लाजेने चार दुकानं पुढे. हृदयाच्या ऑपरेशननंतरची ही त्यांची पहिलीच सहल, पण चाल अशी, जणू ही बाई आपल्या ओळखीचीच नाही.

दुपारी दोघं टेकडीवरच्या देवळात गेली. काकू डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत राहिल्या आणि मग मान झटकून बाहेर आल्या.

"एवढं काय मागत होतीस गं?" काकांनी विचारलं.

"तुमच्यासाठी अजून वीस वर्षं. पण तो काही बोलेचना."

"मग?"

"मग काय, आले निघून. तुम्ही जरा हळू चाला, आता हाक मारेल."

दिवसभर पुढे पळणारे काका देवळाच्या पायऱ्या एकेक करून उतरले. खाली आल्यावर नुसत्या चपला घालायला त्यांनी पाच मिनिटं लावली.