डावा कान

ओलं फडकं दूर होताच समितीच्या अध्यक्षांनी टाळी वाजवली. "हुबेहूब आमचे सर!"

दुष्काळी तालुक्याला पाणी शोधून देणारे भूगर्भशास्त्रज्ञ मातीच्या पुतळ्यात ताठ उभे होते. उद्या साचा घेतला, की मग काहीच बदलता येणार नव्हतं. म्हणून आज त्यांच्या पत्नीला, कुमुदताईंना, बोलावलं होतं.

त्या पुतळ्याभोवती सावकाश फिरल्या. "नाक यांचंच आहे. मान यांची नाही."

"म्हणजे, काकू?" शिल्पकाराने विचारलं.

"विहिरींच्या सुरुंगांनी यांचा उजवा कान गेला होता. कुणी बोलायला लागलं, की डावा कान पुढे करून वाकायचे. बायका म्हणायच्या, एवढा शिकलेला माणूस, पण आमचं वाकून ऐकतो."

अध्यक्ष हसले. "वहिनी, चौकातला पुतळा ताठच हवा. वाकलेला बरा दिसेल का?"

"मग खाली नाव दुसऱ्या कुणाचं तरी घाला, भाऊ."

शिल्पकाराने मातीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूहळू झुकवत नेलं.

"अजून थोडं. अजून... बस्स."

चार वर्षं घरातल्या हार घातलेल्या फोटोशी त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. फोटो आपला समोर बघायचा. आता त्या पुतळ्याच्या डाव्या बाजूला गेल्या, आणि अध्यक्ष दचकतील एवढ्या मोठ्याने, पूर्वी रोज बोलायच्या तशा म्हणाल्या, "अहो, यंदाही पाणी टिकलंय!"