घरात आहात का?

"इथले माया लोक हजार वर्षांपूर्वी गायब झाले," शहरातून आलेला गाईड रामीरो पर्यटकांना सांगत होता. "आता टाळी वाजवा!"

सगळ्यांनी वाजवली. पिरॅमिडच्या पायऱ्यांवरून नेहमीसारखा पडसाद आला.

"गायब? मग मी कोण रे?" मागून माझी फेलिपाआत्या कडाडली.

रामीरो हसला. "मग मारा हाक तुमच्या पूर्वजांना, बाई!"

आत्यानं मक्याच्या पेयानं भरलेली वाटी पायथ्याशी ठेवली. आम्ही कुणाचं दार वाजवत नाही, अंगणाबाहेरून हाक मारतो. तशीच तिनं भर दुपारी आमच्या भाषेत हाक मारली, "घरात आहात का?"

पडसाद आलाच नाही. झाडांवरचे किडेसुद्धा गप्प झाले.

मग पार माथ्यावरून, शेकडो गळ्यांतून एकदम उत्तर आलं, "आहोत की! ये, फेलिपा!"

रामीरोच्या हातातली छत्री गळून पडली. "का... काय म्हणाले?"

"घरीच आहेत." ताठ मानेनं आत्यानं वाटी उचलली. वाटी कोरडी ठणठणीत होती. ती तिनं त्याच्या हातात दिली.

"एवढ्या जणांना ही कशी पुरणार? जा, हंडा भरून आण."