चार बांबू

भारतातून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायला पहिल्यांदा जो संघ गेला, त्यात आमचे अण्णा होते. पुढची सगळी वर्षं पिरंगुटच्या कंपनीत गेली. शनिवारी, भात काढलेल्या खाचरात ओळीने रोवलेल्या चार बांबूंकडे त्यांनी तो लांबट चेंडू मारला. मधल्या दोहोंतून जायचा तो कडेच्या दोहोंतून गेला.

"चुकला की रं!" बांधावरून गेणबाकाका ओरडले.

"चुकला तरी एक गुण मिळतोय ह्यात."

"म्हणून तर तुला ह्यो खेळ गावला!"

अण्णाही हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

रविवारी ते झोपेतच गेले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. "जमीन इकनार न्हाई रं! पोरीचं लगीन थाटात करतो!" गेणबाकाकांनी हात जोडले. कावळा फांदीवरून हलला नाही.

मी पुढे झाले.

"अण्णा, तुम्ही फार देखणं खेळायचात."